कोरडा वाफा

दादर आणि माहीम यांच्या मधे आमची वाडी होती असं मी सांगितलं, की आजकालची मुलं मान डोलावतात आणि मनात चाळींची वाडी धरून चालतात. मग मला चिडून सांगावं लागतं, की बाबांनो, खरीखुरी वाडी. नारळाची झाडं, अळूचं खाचर, मुळा-माठ-पालकाचे वाफे, एक दगडी विहीर, विहिरीवर लाकडी रहाट आणि तो फिरवायला एक बैल. उजाडायच्या आत भाजीच्या जुड्या भरून हातगाडी भायखळ्याच्या बाजाराला जायची. ती रिकामी होऊन परत येईपर्यंत माझे वडील, त्यांना मी दादा म्हणे, कोट-टोपी चढवून फोर्टातल्या ऑफिसात जायला निघालेले असत. आमच्या घराण्यात पिढ्यान्पिढ्या हेच चाललेलं. पुरुषांनी कारकुनी करायची आणि उरलेल्या वेळात वाडीवर हुकूम सोडायचे. चिखलात पाय घालायचे ते गड्यानं आणि गड्याच्या बायकोनं. ती दोघं मालवणकडची, विहिरीजवळच्या खोपटात राहायची. मी त्यांना काका-काकी म्हणे. आई मी चौथीत असतानाच गेली होती, त्यामुळे घरात दादा आणि मी, आणि वाडीच्या त्या टोकाला ही दोघं, एवढंच आमचं गोकुळ.

दादांना गाण्याचं वेड होतं. स्वतःचा गळा मात्र असा, की देवघरात आरती सुरू केली तर तिकडे विहिरीवर बैल कान टवकारायचा. आजोबांच्या पुण्यतिथीला, पौषात, वार कोणताही असो, सकाळी आठ वाजता आमच्या वाडीत गाण्याची बैठक होई. सकाळीच का, तर दादांचं म्हणणं, मुंबईत सकाळच्या रागांवर फार अन्याय होतो. लोक रात्री गाणं ऐकतात आणि सकाळी घोरतात. गिरगावातले जुने रसिक, शिवाजी पार्कचे पेन्शनर, ऑफिसात उशिरा जायची परवानगी काढून आलेले दोनचार कारकून असे पन्नास-साठ लोक जमत. तिकीट नाही, वर्गणी नाही. उलट जाताना प्रत्येकाच्या हातात अळूची एक जुडी आणि एक नारळ. काही मंडळी गाण्यापेक्षा अळूसाठी येतात असा काकीचा ठाम संशय होता, आणि एकदोघांच्या बाबतीत तो खरा असावा.

बैठकीला जागा म्हणजे विहिरीजवळचा सगळ्यात मोठा वाफा. त्यातली भाजी काढून झाली की दादा तो रिकामा ठेवायला लावत. आठ दिवस त्याला पाण्याचा थेंब द्यायचा नाही. ढेकळं फोडायची, जमीन चोपून सपाट करायची, शेणानं सारवायची आणि वर सतरंज्या अंथरायच्या. चालती वाडी ती. काका दिवसातून चारदा त्या रिकाम्या वाफ्याभोवती फेरी मारून यायचे. तिकडे वांग्याची रोपं लावणीच्या बाहेर वाढत चाललेली आणि इकडे जमीन गाण्याची वाट बघत कोरडी पडलेली. बैठक झाली की दुसऱ्याच दिवशी काका वाफा उकरून पाणी सोडत. 'गाणं ऐकलेली वांगी गोड होतात,' असं दादा पाहुण्यांना सांगत. 'गोड होतत ती शेणान,' असं काकी मागच्या मागे म्हणे.

आणखी एक नियम होता. तानपुरा जुळवायला घेतला की रहाट बंद. एरवी दिवस उजाडल्यापासून तो रहाट कुरकुरत असायचा, इतका, की तो थांबला की आम्हाला चुकल्यासारखं वाटे. त्या दिवशी मात्र काका बैल सोडून झाडाखाली बांधत, पाट आटे, आणि त्या शांततेत गाणारा पहिला सूर लावी. मी बरीच गाणी त्या वाफ्यात बसून ऐकली. नावाजलेल्यांची ऐकली, नाव बुडवणाऱ्यांचीही ऐकली. जे एक ऐकायला हवं होतं तेवढं राहिलं.

मी स्वतः गाणं शिकायला गिरगावात जात असे. अकरा वर्षांची असल्यापासून आठवड्यातून तीन दिवस, एका चाळीतल्या दोन खोल्यांत. माझ्या गुरू म्हणजे आमच्या बाई. तेव्हा चाळिशीच्या आसपास असतील. ताठ बसायच्या, हळू बोलायच्या आणि चुकीचा सूर ऐकला की तोंडात खडा आल्यासारखा चेहरा करायच्या. त्यांची शिकवायची एक रीत होती. अर्धी ओळ म्हणायच्या आणि थांबायच्या. उरलेली अर्धी शिष्यानं उचलायची. थांबल्या की मान किंचित उजवीकडे वळवायच्या, कारण मी त्यांच्या उजव्या हाताला बसायची. त्या नजरेची मला इतकी सवय झाली होती की घरी भाजी निवडतानाही कुणी बोलता बोलता थांबलं तर मी पुढचं म्हणून टाकायची. दादा वैतागत. 'मला माझं वाक्य तरी पुरं करू दे,' म्हणत.

या रीतीमुळे झालं असं, की आठ वर्षं त्यांच्याकडे शिकूनसुद्धा मी बाईंचं गाणं ऐकलेलंच नव्हतं. शिकवणं ऐकलं होतं. सगळं अर्धं. त्या एकट्यानं, कुणासाठी न थांबता गायल्या तर कशा गातील, ते फक्त त्यांच्या तरुणपणी त्यांना ऐकलेली म्हातारी माणसं सांगत, आणि सांगताना त्यांचा आवाज बदलत असे. बाई लग्नाआधी बैठकी करायच्या. लग्नानंतर सासूबाईंनी शब्द घेतला, की मी डोळे मिटेपर्यंत चारचौघांत गायचं नाही. पोरींना शिकवायचं तर घरात शिकव. बाईंनी शब्द दिला. आणि सासूबाईंनी काही डोळे मिटायची घाई केली नाही. मुलगा गेला तरी त्या राहिल्या. बावीस वर्षं बाईंनी शब्द पाळला. मी एकोणीस वर्षांची असताना म्हातारी गेली, वर्षश्राद्ध झालं, आणि त्याच आठवड्यात मी दादांच्या मागे लागले, की यंदा वाडीत बाईंचं गाणं ठेवायचं.

दादांना पटवावं लागलं नाही. त्यांनी स्वतः गिरगावात जाऊन आमंत्रण दिलं. बाईंनी लगेच हो म्हटलं नाही. दोन दिवसांनी मी शिकायला गेले तेव्हा तानपुरा गवसणीत घालता घालता म्हणाल्या, "सांग दादांना, येईन. तोडी गाईन."

तोडी, सकाळचा तो राग, त्यांनी मला कधी शिकवलेला नव्हता. मी मागितला की म्हणायच्या, आधी ऐकायचा, मग शिकायचा. आता म्हणाल्या, "त्या दिवशी माझ्या मागे तानपुरा धर. नीट ऐक. मग शिकवीन."

पुढचा महिना बाई रोज भल्या पहाटे उठून मेहनत करत होत्या हे मला त्यांच्या शेजारणीनं सांगितलं, तेही तक्रारीच्या सुरात. त्यांनी एक नवं पातळ आणलं, फिकट जांभळ्या रंगाचं. मला दाखवलं आणि लगेच ट्रंकेत ठेवून दिलं. वाडीतल्या हवेची सवय व्हावी म्हणून त्यांचा तानपुरा मी दोन दिवस आधीच टॅक्सीतून मांडीवर घेऊन आमच्या घरी आणला. वाफा आठ दिवस कोरडा होता, सारवून झाला होता. सगळं तयार होतं.

आता माझं काय चाललं होतं ते सांगायला हवं. ती संयुक्त महाराष्ट्राची वर्षं. मुंबई आम्हाला मिळणार की नाही या एका प्रश्नानं सगळं शहर पेटलेलं. आमच्या कॉलेजात अभ्यास सोडून बाकी सगळं चालू होतं, आणि माझ्या डोक्यात तर वारंच शिरलं होतं. मी फलक रंगवायची, पत्रकं वाटायची, दादांना कारकुनी वृत्तीबद्दल दोन शब्द सुनवायची. ते ऐकून घ्यायचे. वाडी, बैठक, अळूच्या जुड्या, हे सगळं मला अचानक फार लहान वाटायला लागलं होतं. आज लाज वाटते, पण त्या महिन्यात बाईंच्या खोलीत बसूनही माझा एक कान रस्त्यावर असे. लढ्याबद्दल मला आजही तसूभर पस्तावा नाही. तो लढावाच लागणार होता. माझा पस्तावा वेगळा आहे.

पुण्यतिथीच्या आदल्या दिवशी संध्याकाळी पाचच्या सुमारास बातमी आली, की उद्या हरताळ. गिरण्या बंद, बाजार बंद, ट्राम-बस बंद. सकाळी दादरहून परळ-लालबागकडे मोर्चा. मी ती बातमी ऐकली तेव्हा आमच्या ओटीवर लाल रंगात ब्रश बुडवून बसले होते. दादा ऑफिसातून आले आणि म्हणाले, "मग उद्याचं काय? बाईंना कळवायला हवं."

मी म्हटलं, "दादा, साऱ्या मुंबईला कळलंय. बाईंना नाही कळणार? उद्या कोण येणार आहे गाणं ऐकायला!"

"तरी पण. जाऊन येतेस का?"

गाड्या चालू होत्या. दादरहून चर्नी रोडला वीस-पंचवीस मिनिटं. मी सहज जाऊन आले असते. पण सहा फलक रंगवायचे राहिले होते आणि मैत्रिणी यायच्या होत्या. मी म्हटलं, "जाते थोड्या वेळानं." ते 'थोड्या वेळानं' मी पुढे मुलांच्या, नवऱ्याच्या तोंडून ऐकलं की अजून माझं डोकं फिरतं. मी गेले नाही. दादांनीही पुन्हा विचारलं नाही, कारण मी गेले असेन असंच त्यांनी धरलं.

दुसऱ्या दिवशी पहाटे काका दाराशी आले. बाजार बंद म्हणून हातगाडी जायची नव्हती, म्हणजे ते दिवसभर मोकळे. वांग्याची रोपं हातभर झालेली. बैठक नाहीच, तर वाफा भिजवून संध्याकाळी लावणी करून टाकू का? दादा माझ्याकडे बघून म्हणाले, "बाईंना कळवलंस ना?"

मी म्हटलं, "त्यांना कळलंय." खोटं नव्हतंच ते अगदी. मला तसंच वाटत होतं.

"मग सोडा पाणी," दादा म्हणाले.

आणि पाणी मीच सोडलं. मोर्चाला अजून अवकाश होता, अंगात उत्साह मावत नव्हता, आणि गड्यांच्या बरोबरीनं काम करायचं तेव्हा नवंनवं खूळ होतं. काकांनी सारवण उकरलं, बैल जुंपला. मी पदर खोचला, फावडं घेतलं आणि पाटाची माती बाजूला केली. पाणी त्या सारवलेल्या, चोपलेल्या जमिनीवर आधी नुसतंच पसरलं. आत मुरेना. मग हळूहळू जमीन काळी पडत गेली. मला फार बरं वाटलं. काहीतरी खरं काम केल्यासारखं वाटलं.

साडेआठ-पावणेनऊला बाई आल्या.

नारळांच्या मधल्या वाटेनं एकट्याच आल्या. ते नवं पातळ, काठ धुळीनं माखलेला. एका चपलेचा अंगठा तुटलेला, म्हणून दोन्ही चपला हातात. गिरगावपासून दादरपर्यंत त्या चालत आल्या होत्या. मी घोट्यापर्यंत चिखलात, हातात फावडं, अशी त्यांच्यासमोर उभी.

"उशीर झाला गं," त्या म्हणाल्या. "लालबागेत पोलिसांनी अडवलं. फिरून यावं लागलं." मग त्यांनी वाफ्याकडे बघितलं. मी तेवढ्या वेळात काहीही बोलू शकले असते. त्याच म्हणाल्या, "पाणी सोडलंत होय."

"बाई, आज हरताळ आहे ना. मला वाटलं, तुम्हाला कळलं असेल."

"कळलं ना. म्हणून तर चालत आले. वाहनात बसले असते तर हरताळ मोडला असता."

"पण हरताळाच्या दिवशी गाणं..." मी एवढं बोलून थांबले. या वेळी पुढचं उचलायला कुणी नव्हतं म्हणा, किंवा बाईंनी ते वेगळं उचललं.

"माझा हरताळ बावीस वर्षं चाललाय गं," त्या म्हणाल्या, आणि हसल्या. "म्हटलं, आज मोडावा."

दादा धावत बाहेर आले. त्यांचा चेहरा मला आठवतो. ते एकदा बाईंकडे, एकदा वाफ्याकडे आणि मग माझ्याकडे बघत राहिले. मला रागावले असते तर बरं झालं असतं. बाईंना म्हणाले, "पुढच्या आठवड्यात नक्की ठेवू. नक्की." बाई म्हणाल्या, "ठेवू या की. पळून चाललेय का मी?" काकीनं घाईघाईनं चहा आणला. बाई विहिरीच्या कठड्यापाशी दगडावर बसल्या आणि सुजलेले पाय त्यांनी पाटाच्या पाण्यात सोडले. घरी चला, म्हणून दादांनी आग्रह केला. त्या म्हणाल्या, "इथेच बरं वाटतंय. पाय जरा थंड होऊ देत."

त्यांना पुन्हा तेवढं चालवत धाडणं शक्यच नव्हतं. डॉक्टरांच्या गाड्यांना हरताळात कुणी अडवत नसे. दादांच्या ओळखीचे एक डॉक्टर शिवाजी पार्कला राहायचे. त्यांची गाडी मिळते का बघतो, म्हणून दादा टोपी घालून निघाले.

आणि मी? मी घड्याळ बघत होते. साडेनऊला मोर्चा निघणार होता. माणूस एकदा चुकतो ते समजू शकतं. पण मी तिथे बाईंच्या पायाशी बसायला हवं होतं, आणि मला तिथून निसटायचं होतं. त्या रागावल्या नव्हत्या हेच मला सोसत नव्हतं. मी म्हटलं, "बाई, मी जरा जाऊन येऊ? तासाभरात येते."

"जा," त्या म्हणाल्या. मग मी वळल्यावर म्हणाल्या, "ओरडून घसा बसवू नकोस. उद्या शिकवणी आहे."

मी गेले. ज्या रस्त्यानं बाई आल्या होत्या त्याच रस्त्यानं, उलट दिशेनं. परळपर्यंत माणसंच माणसं. चाळींच्या गॅलऱ्या भरलेल्या, वरून बायका पाणी देताहेत. पुढचा माणूस ओरडे, "मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र!" आणि आम्ही सगळे, "झालाच पाहिजे!" तो अर्धं म्हणे, आम्ही उरलेलं अर्धं. ती माझ्या आयुष्यातली मोठी सकाळ होती, हेही खरंच. गोळीबार वगैरे त्या दिवशी काही झाला नाही, निदान आम्ही होतो तिथे. मी घरी परतले तेव्हा दुपारचा एक वाजून गेला होता. डॉक्टरांच्या गाडीतून बाई आणि त्यांचा तानपुरा केव्हाच गिरगावला पोचले होते. काका संध्याकाळच्या लावणीसाठी रोपं उपटून ठेवत होते.

दुसऱ्या दिवशी मी शिकवणीला गेले. घसा बसलेलाच होता. बाई म्हणाल्या, "बसलेल्या घशानं गायचं नाही. तानपुरा धर." आणि दुसऱ्या मुलीला शिकवत राहिल्या. कालचं अक्षर नाही. मी माफी मागायचं ठरवून गेले होते. नाही मागितली. त्यांनी विषय काढला नाही, म्हणून मला ते सोयीचं झालं.

पुढच्या आठवड्यात बैठक झाली नाही. जमावबंदी होती, पन्नास माणसं एकत्र बसवायची सोय नव्हती. त्याच्या पुढच्या आठवड्यात वाफ्यात वांगी होती. मग ऊन वाढलं. दादा म्हणाले, आता पुढच्या वर्षीच. पुढच्या वर्षी पौष जवळ आला तेव्हा त्यांनी मला विचारलं, "बाईंकडे जाऊ आमंत्रण द्यायला?" जुन्या मंडळींना एक नामांकित खाँसाहेब हवे होते आणि ते यायला तयारही होते, हे मला ठाऊक होतं. मी म्हटलं, "बाईंच्या मनात अजून राग असेल, नको." राग त्यांच्या मनात नव्हता. मलाच त्यांच्या समोर त्या वाफ्यात बसायची हिंमत नव्हती. एक सकाळ मी अज्ञानानं घालवली असं फार तर म्हणता येईल. दुसरी मी जाणूनबुजून घालवली. खाँसाहेबांची बैठक झकास झाली. बाई ऐकायला आल्या होत्या. तिसऱ्या रांगेत बसल्या आणि जाताना अळूची जुडी घेऊन गेल्या.

महाराष्ट्र झाला, मुंबईसह झाला. त्या दिवशी मी बाईंकडे गेले. चाळीत साखर वाटत होते. बाईंनी माझ्या हातावर साखर ठेवली आणि म्हणाल्या, "मिळवलंत गं बायांनो." पुढे माझं लग्न झालं, नोकरी लागली, गाणं सुटलं. तोडी त्यांनी मला शिकवला नाही. आधी ऐकायचा होता ना. मी मागितलाही नाही. लग्नानंतर चारपाच वर्षांनी बाई गेल्या. मला पत्रानं कळलं.

त्याच्या दुसऱ्या वर्षी दादांनी वाडी विकली. इलाजच नव्हता, आजूबाजूला इमारती झाल्या होत्या आणि विहिरीला खारं पाणी लागत होतं. रहाट मोडायला माणसं आली त्या दिवशी मी माहेरी गेले होते. काका तोपर्यंत थकले होते. ती दोघं गावी जायला निघाली होती, बोचकी बांधून खोपटासमोर ठेवलेली. काकी आणि मी विहिरीच्या कठड्यापाशी बसून रहाटाची लाकडं उतरताना बघत होतो. तेव्हा ती सहज म्हणाली, "त्या दिवशी बाईनी म्हटल्यानी, तसला गाणा मगे काय आयकाक गावला नाय."

मी म्हटलं, "कुठल्या दिवशी?"

"अगो, बंद होतो तो. तू मोर्च्याक गेलंस, दादा डाक्टराकडे गेले." ती माझ्याकडे बघत राहिली. "तुका म्हायत नाय?"

मला ठाऊक नव्हतं. दादांनाही नव्हतं. ते गाडी घेऊन आले तेव्हा बाई पाय पुसून तयार बसल्या होत्या. बाईंनी कधी सांगितलं नाही, आणि काका-काकींना वाटलं, आम्हाला सगळं कळलंच असेल. एकमेकांना कळलंच असेल असं धरून चालायची आमच्या वाडीला खोडच होती.

मी सांग म्हटल्यावर काकीनं सांगितलं. बाई त्याच दगडावर बसल्या होत्या, पाय पाटात. जरा वेळानं गुणगुणायला लागल्या. काकांना आमचा नियम माहीत, ते बैल सोडायला उठले. "तर बाई म्हणाले, नको सोडू, चलांदे. माका साथीक कोण तरी व्हया ना." म्हणून रहाट चालू राहिला, आणि त्याच्या कुरकुरीत बाई गायल्या. तासभर, जास्तच. काका-काकी खोपटाच्या दारात बसून ऐकत होते. वाफ्यात पाणी भरत होतं ते बंद करायलाही कुणी उठलं नाही.

"काय गायल्या?" मी विचारलं. वेडा प्रश्न.

"माका काय कळता? पण आयकत ऱ्हवासा वाटला." मग म्हणाली, "एकच होता. मधी मधी थांबत. म्हणत, म्हणत, आणि मधीच गप. आमका वाटला, सपला. मगे परत सुरू. परत मधीच गप. माका वाटला, थकले, गिरगावसून चलान इलेले ना. पण तसा नाय. थांबले की अशे उजव्या अंगाक बघीत."

तिनं मान किंचित उजवीकडे वळवून दाखवली. अगदी तशीच. मला तिच्याकडे बघवेना.

"आमी दोघां काय म्हणतलों?" काकी म्हणाली. "गप ऱ्हवलों."

त्या वेळी मी परळला होते, आणि पुढच्या माणसानं अर्धं म्हटलं की उरलेलं अर्धं घसा फोडून पुरं करत होते.